निरीक्षण आणि स्वयंघोषणा : खासगी शाळांच्या नियमनाविषयीच्या प्रस्तावांची चिकित्सा

केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जुलै २०२० रोजी मान्य केलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली. परंतु ती बहुतांशी मातृभाषेचे माध्यम, शालेय शिक्षणाचा नवा आकृतिबंध आणि उच्च शिक्षणाची पुनर्रचना ह्या विषयांभोवतीच फिरत राहिली. शाळांची मानके, नियमन व अधिस्वीकृती ह्यांचा विचार करणारे धोरणाचे आठवे प्रकरण त्या मानाने उपेक्षित राहिले. वास्तविक पाहता खासगी शाळा कोणी काढावी, ती कोणी तपासावी आणि तपासणीत उणीव आढळल्यास काय करावे, ह्या प्रश्नांची उत्तरे बदलू पाहणारे हे प्रकरण आहे. त्यातील भाषा संयत आणि तत्त्वे सर्वमान्य होतील अशी असल्यामुळे त्याच्या फलिताकडे लक्ष जात नाही, इतकेच.

प्रस्तुत लेखात ह्या प्रकरणातील प्रस्तावांची चिकित्सा करावयाची आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे : धोरणाने केलेले रोगनिदान बव्हंशी बरोबर आहे, परंतु सुचविलेल्या उपचारात माहिती आणि निरीक्षण ह्या दोन भिन्न गोष्टी एकच मानल्या गेल्या आहेत. परिणामी ज्या बालकांच्या हिताची विचारपूस राज्याने सर्वांआधी करावयास हवी, त्यांच्याच वर्गात कोणी जाऊन पाहणार नाही असा संभव उत्पन्न होतो.

१. प्रस्तावाचे स्वरूप

आठव्या प्रकरणाचा आरंभ एका तक्रारीने होतो. धोरण ठरविणे, शासकीय शाळा चालविणे आणि सर्व शाळांचे नियमन करणे ही तिन्ही कामे आज एकच शिक्षण विभाग अथवा त्याच्या शाखा करतात. त्यामुळे हितसंबंधांचा संघर्ष निर्माण होतो आणि सत्तेचे अवाजवी केंद्रीकरण होते, अशी ही तक्रार आहे. दुसरी तक्रार अशी की, प्रचलित नियमनाला नफेखोर शाळांकडून होणारी पालकांची पिळवणूक थांबविता आली नाही; उलट लोकहितबुद्धीने चालणाऱ्या संस्थांचा मात्र त्याने हिरमोड केला. शासकीय व खासगी शाळांना लावण्यात येणाऱ्या कसोट्यांत फार अंतर आहे, असेही धोरण नमूद करते.

ह्यावर उपाय म्हणून तीन कामांची फारकत सुचविली आहे. विभागाने केवळ धोरण ठरवावे. शाळा चालविण्याचे काम संचालनालयाकडे असावे. आणि किमान मानके ठरविण्यासाठी राज्य शाळा मानक प्राधिकरण हे स्वतंत्र मंडळ स्थापन करावे. कस्तुरीरंगन समितीच्या २०१९ च्या मसुद्यात ह्याच मंडळाला नियामक प्राधिकरण असे नाव होते. अंतिम धोरणात ‘नियामक’ जाऊन ‘मानक’ आले, हा बदल केवळ शाब्दिक नाही. संपूर्ण प्रकरणाचा कल त्यावरून कळतो.

हे प्राधिकरण सुरक्षितता, मूलभूत सोयी, विषयवार व वर्गवार शिक्षकसंख्या, आर्थिक सचोटी आणि कारभाराची रीत एवढ्याच बाबींची किमान मानके ठरवील. प्रत्येक शाळेने ह्यासंबंधीची माहिती स्वतःहून प्राधिकरणाच्या व आपल्या संकेतस्थळावर जाहीर करावी व ती अद्ययावत ठेवावी. खोल्यांची, विद्यार्थ्यांची व शिक्षकांची संख्या, शिकविले जाणारे विषय, शुल्क, आणि राष्ट्रीय व राज्य पातळीवरील चाचण्यांतील विद्यार्थ्यांची एकूण संपादणूक हा त्या माहितीचा किमान तपशील होय. जाहीर झालेल्या माहितीवरून कोणी तक्रार केल्यास प्राधिकरण तिचा निवाडा करील. यादृच्छिक रीतीने निवडलेल्या विद्यार्थ्यांचे मत अधूनमधून ऑनलाइन घेतले जाईल. ह्याच्याच जोडीला तिसऱ्या प्रकरणातील एक परिच्छेद वाचावयास हवा. तेथे शाळा काढण्याच्या अटी सैल कराव्यात आणि साधनांपेक्षा अपेक्षित फलितावर अधिक भर द्यावा, असे म्हटले आहे.

मूल्यांकन व अधिस्वीकृती हे शब्द प्रकरणात वारंवार येतात. परंतु शाळेत प्रत्यक्ष कोणी जावयाचे, किती वेळा जावयाचे, गेल्यावर काय पाहावयाचे आणि पाहिलेले कोणास सांगावयाचे, ह्याविषयी प्रकरण जवळजवळ मौन बाळगते. आमच्या चिकित्सेचा विषय हे मौन आहे.

२. निदानाची यथार्थता

निदान यथार्थ आहे हे प्रथम मान्य केले पाहिजे. कारण निरीक्षकाच्या सत्तेचा आपला इतिहास फारसा अभिमानास्पद नाही. १८५४ च्या वुडच्या खलित्याने ह्या देशात शिक्षणखाती, अनुदाने आणि निरीक्षक ह्या तिन्ही गोष्टी एकाच वेळी आणल्या. ज्याच्या हाती अनुदान त्याच्याच हाती तपासणी, हा संबंध तेव्हापासूनचा आहे. इंग्लंडमध्ये १८६२ च्या सुधारित संहितेने विद्यार्थ्यांच्या परीक्षेतील निकालावर अनुदान ठरविण्याची पद्धत घालून दिली, आणि १८६० नंतरच्या दशकात मुंबई इलाख्यानेही तिचा अंगीकार केला. ह्या पद्धतीत निरीक्षकाचा दिवस हा परीक्षेचा दिवस ठरला. शाळा कशी चालते हे पाहण्यास तो येत नसे. किती मुले किती इयत्तांत किती विषयांत उतरली ह्याचा हिशेब करण्यास तो येई. आमच्या खेड्यांतून ‘दिपोटी’ हा शब्द दीर्घकाळ ज्या धाकाने उच्चारला गेला, त्या धाकाचे मूळ येथे आहे.

हंटर आयोगापुढे १८८२ साली सादर केलेल्या निवेदनात जोतीराव फुले ह्यांनी ह्या पद्धतीविषयी दिलेला अभिप्राय आजही विचारार्ह आहे. ज्या गरीब व अशिक्षित समाजात शिक्षणाची गोडी अद्याप उत्पन्न व्हावयाची आहे, त्याच्यात विद्याप्रसार करण्यास निकालावर पैसे देण्याची रीत मुळीच उपयोगी नाही. त्या भरवशावर कोणी शिक्षक अशा लोकांत स्वतःची शाळा काढणार नाही, कारण त्याचा चरितार्थच चालणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. ह्या अभिप्रायाकडे पुढे पुन्हा वळावे लागणार आहे.

नियमनाच्या सत्तेचा राजकीय उपयोगही आपण पाहिलेला आहे. विष्णु गोविंद विजापूरकर ह्यांनी १९०६ साली स्थापन केलेले आणि पुढे तळेगाव दाभाडे येथे नांदलेले समर्थ विद्यालय १९१० मध्ये सरकारने बंद केले. त्या विद्यालयातील अध्यापन निकृष्ट होते म्हणून ही कारवाई झाली, असे कोणीही म्हणणार नाही. तात्पर्य, शाळा तपासण्याची आणि शाळा बंद करण्याची सत्ता एकाच हाती असली म्हणजे तपासणीचा हेतू शैक्षणिकच राहील अशी शाश्वती नसते.

स्वातंत्र्योत्तर काळात चित्र अधिक गुंतागुंतीचे झाले. महाराष्ट्रात अनुदानित, विनाअनुदानित आणि २०१२ च्या कायद्यान्वये निघालेल्या स्वयंअर्थसहाय्यित अशा अनेक प्रकारच्या खासगी शाळा शेजारीशेजारी उभ्या राहिल्या. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या कलम १८ ने मान्यतेवाचून शाळा चालविणे दंडनीय ठरविले, आणि कलम १९ ने अनुसूचीतील मानके पुरी करण्यास पूर्वीच्या शाळांना तीन वर्षांची मुदत दिली. दंडाची मर्यादा एक लाख रुपये आणि उल्लंघन चालू राहिल्यास प्रत्येक दिवसास दहा हजार रुपये. अनुसूचीतील मानके पाहिली तर ती बहुतेक मोजता येण्याजोगी आहेत : प्रत्येक शिक्षकामागे एक खोली, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, मैदान, कुंपण, पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० कामाचे दिवस. ह्यांपैकी एकही गोष्ट अनावश्यक नाही. परंतु तपासनीसाच्या हाती केवळ मोजण्याची यादी दिली म्हणजे तो मोजतो आणि निघून जातो. शेरेबुकात ‘समाधानकारक’ असा शेरा पडतो, आणि वर्गात काय शिकविले जाते ह्याचा त्या शेऱ्याशी काही संबंध उरत नाही. त्यातच ज्या शिक्षण विभागाच्या स्वतःच्या शाळा हीच मानके पुरी करू शकत नाहीत, त्याने शेजारच्या खासगी शाळेस दंड करावा, ही विसंगती धोरणाने नेमकी टिपली आहे.

३. स्वयंघोषणेची मर्यादा

आता उपचाराकडे वळू. शाळेने स्वतःविषयी जाहीर केलेली माहिती ही निरीक्षणाची जागा घेऊ शकेल काय?

ह्या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्राच्या अनुभवातच आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्य शासनाने सलग तीन दिवस शाळाशाळांतून विद्यार्थ्यांची प्रत्यक्ष मोजणी केली. ‘पटपडताळणी’ ह्या नावाने ती सर्वांच्या स्मरणात आहे. हजेरीपटावरील संख्या आणि वर्गात बसलेल्यांची संख्या ह्यांत लक्षावधींची तफावत निघाली. तीतील काही मुले त्या दिवशी केवळ गैरहजर होती हे मान्य केले, तरी उरलेल्या नावांचा प्रश्न शिल्लक राहतोच. ही नावे कोणी दडवून ठेवलेली नव्हती. ती शाळांनीच वर्षानुवर्षे अधिकृत तक्त्यांत भरून दिलेली होती, त्यांवर सह्या होत्या, त्यांची बेरीज झालेली होती. स्वयंघोषणा तेव्हाही होतीच. खोटेपण उघडकीस आले ते कोणीतरी एकाच सुमारास सर्वत्र जाऊन डोकी मोजली म्हणून.

येथे असा आक्षेप येऊ शकतो की, पटसंख्येवर अनुदान व शिक्षकांची पदे अवलंबून होती म्हणून ती फुगविली गेली. विनाअनुदानित शाळेला तसा मोह नाही. हा आक्षेप अपुरा आहे. प्रत्येक शाळेला तिच्या उत्पन्नाच्या उगमाप्रमाणे मोह असतो. अनुदानावर जगणारी शाळा पट फुगवील. शुल्कावर जगणारी शाळा सोयी, शिक्षकांची पात्रता व निकाल फुगवील. मोहाची दिशा बदलते, मोह नाहीसा होत नाही.

दुसरे उत्तर संशोधनातून मिळते. शाळांनी स्वतःचे मूल्यमापन करावे, बाहेरील अधिकाऱ्याने ते पडताळावे आणि त्यावरून सुधारणेचा आराखडा तयार करावा, अशी योजना मध्य प्रदेशात मोठ्या प्रमाणावर राबविली गेली. तिचे यादृच्छिक नियंत्रित पद्धतीने केलेले परीक्षण कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंग ह्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केले. शाळांनी तक्ते भरले, आराखडे केले, म्हणजे कागदी काम जवळजवळ पूर्णत्वास गेले. परंतु अध्यापनाच्या रीतीत वा विद्यार्थ्यांच्या संपादणुकीत त्याचा परिणाम आढळला नाही. तरीही योजना यशस्वी समजली गेली आणि तिचेच रूप देशभरातील सहा लाखांहून अधिक शाळांपर्यंत नेण्यात आले. २०१५ साली सुरू झालेला ‘शाळा सिद्धी’ हा सात क्षेत्रांचा व ४६ मानकांचा उपक्रम तो हाच. ज्या देशाने स्वयंमूल्यमापनाचा एवढा मोठा प्रयोग नुकताच केला, त्याच्या धोरणकारांनी त्याच्या फलिताचा उल्लेखही न करता स्वयंघोषणेवर नियमनाची इमारत उभारावी, हे आश्चर्यकारक म्हटले पाहिजे.

ह्याच्या उलट पुरावाही उपलब्ध आहे. मुरलीधरन व त्यांचे सहकारी ह्यांनी १,२९७ खेड्यांतील शाळांचा २००३ व २०१० ह्या दोन वर्षांत तौलनिक अभ्यास केला. शिक्षकांच्या गैरहजेरीचे प्रमाण ह्या काळात २६.३ टक्क्यांवरून २३.६ टक्क्यांपर्यंतच खाली आले. परंतु जेथे शाळाभेटींची वारंवारता वाढली तेथे गैरहजेरी कमी आढळली, आणि नवे शिक्षक नेमण्यापेक्षा भेटी वाढविणे हे दसपटीहून अधिक किफायतशीर ठरेल असा निष्कर्ष त्यांनी काढला. दोन्ही अभ्यास शासकीय शाळांचे आहेत. त्यांचे निष्कर्ष खासगी शाळांना जसेच्या तसे लावणे योग्य होणार नाही. तथापि तक्ता भरून घेणे आणि शाळेत जाणे ह्या दोन कृतींचे परिणाम भिन्न असतात, एवढे त्यांवरून निश्चितपणे म्हणता येते.

तिसरे उत्तर देताना लेखणी जड होते. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम येथे एका अनुदानित खासगी शाळेत लागलेल्या आगीत ९४ बालके मृत्युमुखी पडली. एकाच इमारतीत एकाहून अधिक शाळा भरत होत्या. भोजनाच्या स्वयंपाकघरात आग लागली आणि शाकारलेल्या छपराने ती वर्गांपर्यंत नेली. पुढे १३ एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविनाश मेहरोत्रा प्रकरणी शाळांच्या सुरक्षिततेविषयी देशव्यापी आदेश दिले, त्यांच्या मुळाशी ही दुर्घटना होती. धोरणाने सांगितलेल्या नमुन्यात ह्या शाळेची माहिती भरली असती तर काय दिसले असते? खोल्यांची संख्या दिसली असती, विद्यार्थ्यांची दिसली असती, शिक्षकांचीही दिसली असती. चूल आणि छप्पर ह्यांतील अंतर कोणत्याही रकान्यात मावले नसते. ते पाहण्यास जिना चढून जाणारा आणि वर पाहणारा माणूस लागतो. त्या शाळेस अधिकाऱ्यांची ये-जा नव्हती असे नाही. आणि म्हणूनच पुढील प्रश्न निरीक्षण ठेवावे की नाही असा नसून ते कसे असावे असा आहे.

४. पालक हा नियामक होऊ शकतो काय?

धोरणाच्या रचनेत निरीक्षकाची रिकामी झालेली जागा पालकाला दिलेली आहे. माहिती जाहीर होईल, पालक ती वाचतील, तुलना करतील, तक्रार करतील अथवा पाल्यास दुसऱ्या शाळेत घालतील, आणि अशा रीतीने शाळा वळणावर येतील, असे हे गृहीत आहे. ते तपासून पाहू.

प्रथम तुलनेचे साधन घेऊ. शाळेने राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणातील आपल्या विद्यार्थ्यांची एकूण संपादणूक जाहीर करावी असे धोरण म्हणते. परंतु हे सर्वेक्षण नमुन्यावर आधारलेले असते, आणि पुढेही ते तसेच राहील असे हेच प्रकरण सांगते. नोव्हेंबर २०२१ मधील सर्वेक्षणात सुमारे १ लाख १८ हजार शाळा व ३४ लाख विद्यार्थी होते. देशातील शाळांची एकूण संख्या मात्र १४ लाखांहून अधिक आहे. म्हणजे बहुसंख्य शाळांपाशी जाहीर करण्यासारखा आकडाच नसणार. आणि ज्यांच्यापाशी तो असेल, त्यांच्याही मूठभर विद्यार्थ्यांच्या चाचणीवरून शाळेची प्रतवारी करणे हा संख्याशास्त्राचा दुरुपयोग ठरेल. राज्यांच्या सर्वेक्षणांविषयी धोरण म्हणते की ती सर्व विद्यार्थ्यांची असावीत आणि त्यांचे निकाल केवळ विकासासाठी वापरावेत. त्याच वाक्यात ते निकाल शाळांनी जाहीर करावेत असेही म्हटले आहे. शुल्क देणाऱ्या पालकापुढे जाहीर झालेला निकाल केवळ विकासापुरता कसा राहील? पालक निकाल पाहून शाळा निवडणार, शुल्क त्या शाळेकडे वाहणार; हे निकालावर पैसे देण्याच्या जुन्या पद्धतीचेच नवे रूप होय. फरक एवढाच की, तेव्हा पैसे सरकार देत असे, आता पालक देईल. ज्या वस्तीतील मुले आरंभीच मागे असतात, तेथे अशा व्यवस्थेत चांगली शाळा काढण्यास कोण धजावेल, हा फुले ह्यांचा १८८२ मधील प्रश्न १३८ वर्षांनंतरच्या धोरणालाही विचारावा लागतो.

आता तक्रारीचे साधन पाहू. महाराष्ट्राने शुल्कनियमनाचा कायदा २०११ साली केला. २०१८ मधील दुरुस्तीने विभागीय समितीकडे दाद मागण्यासाठी शाळेतील किमान २५ टक्के पालकांनी एकत्र यावे अशी अट घातली. आपले मूल ज्या वर्गशिक्षिकेच्या व मुख्याध्यापकाच्या हाती दिवसाचे सहा तास आहे, त्यांच्याविरुद्ध सही करावयास सांगितल्यावर किती पालक पुढे येतील, ह्याची कल्पना कोणालाही करता येईल. पालकाची तक्रार ही एका माणसाची व त्याच्या मुलाची जोखीम असते. निरीक्षकाचा अहवाल ही कोणाचीही वैयक्तिक जोखीम नसते. त्याचे मोल त्यातच आहे.

शाळा बदलण्याचे साधनही सर्वांपाशी सारखे नाही. शहरातील सुस्थित पालकाला चार शाळांतून निवड करता येते. तालुक्याच्या गावी, अथवा शहरालगतच्या नव्या वस्तीत, अल्प शुल्काच्या एकुलत्या एक इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मूल घालणाऱ्या रिक्षाचालकाला वा घरकाम करणाऱ्या बाईला ती निवड नाही. बहुधा ती भाषा घरात कोणालाच येत नसल्यामुळे मुलाला त्या भाषेत काही समजते की नाही, हेही त्यांना पडताळता येत नाही. संकेतस्थळावरील तक्ता त्यांच्यासाठी नाही. राज्याच्या डोळ्याची गरज सर्वांत अधिक ह्यांनाच आहे.

आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. जाहीर करावयाच्या माहितीच्या किमान यादीत शिक्षकांची संख्या आहे, त्यांचे वेतन नाही. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा महाराष्ट्रात १९७७ पासून आहे; परंतु सहीचा आकडा एक आणि हातात पडणारी रक्कम दुसरी, ही तक्रार शिक्षकवर्गात अपरिचित नाही. शाळेच्या गुणवत्तेचा ह्याहून विश्वसनीय निर्देशक क्वचितच सापडेल. धोरणाने तो गाळला आहे.

५. प्रयोगशील शाळांचा प्रश्न

साधनविषयक अटी सैल केल्याने प्रयोगशील शाळांना वाव मिळेल, हे धोरणाचे म्हणणे वजनदार आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनी ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी भागात चालविलेल्या कुरणशाळेला अनुसूचीतील कोणते मानक लावणार? गुरे राखणाऱ्या मुलांमागे शाळाच कुरणात जाते, तेव्हा खोली व कुंपण ह्यांचे रकाने निरर्थक ठरतात. परंतु अटी सैल झाल्यावर कुरणशाळा आणि केवळ खोली नसलेली शाळा ह्यांतील भेद कोण ओळखणार? स्वयंघोषणेच्या तक्त्यात दोन्ही सारख्याच दिसतील. जेथे नियम सैल करावयाचे तेथे जाणत्या माणसाचा अभिप्राय अधिक हवा, कमी नव्हे.

इंग्लंडमधील समरहिल ह्या स्वतंत्र शाळेचा दाखला येथे बोधप्रद आहे. विद्यार्थ्यांवर तासांना बसण्याची सक्ती नसलेल्या ह्या शाळेची १९४९ साली शासकीय निरीक्षकांनी तपासणी केली. अध्यापनातील उणिवा स्पष्टपणे नोंदवूनही त्यांनी शाळेचा हेतू समजून घेणारा, तिच्या वातावरणाची कदर करणारा अहवाल लिहिला, आणि संस्थापक ए. एस. नील ह्यांनी तो पुढे आपल्या पुस्तकात छापला. १९९९ मधील तपासणीने मात्र तीच शाळा बंद पडण्याच्या सीमेवर आणली. प्रकरण न्यायाधिकरणापुढे गेले आणि मार्च २००० मध्ये तडजोड झाली. यापुढील तपासणीत शाळेचे तत्त्वज्ञान व विद्यार्थ्यांचे म्हणणे विचारात घेतले जावे असे ठरले. दोन्ही वेळा निरीक्षक शाळेत गेले होते. पहिल्या वेळी त्यांच्यापाशी पाहण्याची मोकळीक होती, दुसऱ्या वेळी मानकांची चौकट होती. निरीक्षण चांगले की वाईट हे निरीक्षकाच्या शिक्षणावर आणि त्याला दिलेल्या अवकाशावर ठरते, हा त्याचा अर्थ.

६. पर्यायाची दिशा

निरीक्षणाविरुद्ध दोन आक्षेप गंभीर आहेत : त्यातून भ्रष्टाचार वाढतो, आणि त्यामुळे शिक्षकांचा आत्मसन्मान खच्ची होतो. दोन्ही खरे आहेत, आणि दोहोंचे मूळ एकच आहे. जो पाहतो तोच मान्यता काढून घेऊ शकतो. आणि तो जे पाहतो ते गुप्त राहते. म्हणून उपाय ह्या दोन ठिकाणीच केला पाहिजे.

पहिला उपाय म्हणजे धोरणानेच मांडलेले फारकतीचे तत्त्व आणखी एक पायरी पुढे नेणे. मानके ठरविणारे प्राधिकरण वेगळे, तसे शाळेत जाऊन पाहणारे निरीक्षक मंडळही वेगळे असावे; मंडळाने अहवाल द्यावा, कारवाईचा निर्णय दुसऱ्याने घ्यावा. इंग्लंडमध्ये स्वतंत्र शाळांच्या बाबतीत तपासणी करणाऱ्या संस्था अहवाल देतात आणि कारवाई शिक्षण विभाग करतो, ही व्यवस्था ह्या दृष्टीने अभ्यसनीय आहे. एका शब्दात शाळेची प्रत सांगण्याची रीत सप्टेंबर २०२४ मध्ये तेथील शासकीय शाळांच्या तपासणीतून काढून टाकण्यात आली, हेही ध्यानात घ्यावे. प्रतवारीच्या मागे लागण्याआधी आपण ह्या अनुभवाकडे पाहिलेले बरे.

दुसरा उपाय म्हणजे अहवाल मराठीत, पूर्ण व जाहीर असावा. आज जे शेरेबुक मुख्याध्यापकाच्या कपाटात राहते, ते पालकांच्या हाती पडले पाहिजे. आणि अहवालाबरोबरच शाळेचे उत्तरही छापले गेले पाहिजे. जाहीर केलेल्या मजकुरावर नाव असलेला माणूस सहसा विकत घेता येत नाही, कारण पुढच्या वर्षी येणारा दुसरा निरीक्षक त्याचा साक्षीदार असतो.

तिसरा उपाय कामाच्या विभागणीचा आहे. मोजता येण्याजोग्या बाबींसाठी स्वयंघोषणा अवश्य ठेवावी. तिच्यामुळे निरीक्षकाचा वेळ वाचेल. परंतु यादृच्छिक निवडीने काही शाळांत त्या माहितीची प्रत्यक्ष पडताळणी व्हावी, आणि खोटी माहिती देण्यास उणीव असण्यापेक्षा अधिक कडक शासन असावे. ह्यातून वाचलेला वेळ वर्गात बसण्यात, मुलांशी बोलण्यात आणि शिक्षकांचे म्हणणे ऐकण्यात जावा. अर्थात ह्यासाठी अध्यापनाचा अनुभव असलेला, विषय जाणणारा आणि प्रशिक्षित असा निरीक्षकवर्ग लागेल, आणि त्याला पैसा लागेल. आपल्या विद्यापीठांतील शिक्षणशास्त्र विभागांनी निरीक्षणकला हा अभ्यासाचा व संशोधनाचा विषय आजवर गांभीर्याने घेतलेला नाही. येथे त्यांनाही काही करण्यासारखे आहे. निरीक्षकांच्या शेऱ्यांचा, मान्यतेच्या आदेशांचा आणि स्वयंघोषित माहितीचा परस्परांशी ताळा पाहणारे जिल्हावार अभ्यास पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सहज हाती घेता येतील.

सारांश, राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या आठव्या प्रकरणाने जुन्या तपासणीचे दोष ओळखले, परंतु तपासनीस सुधारण्याऐवजी त्याला पडद्याआड केले आणि त्याचे काम पालकाच्या माथी मारले. ज्या पालकाला वाचता येते, तुलना करता येते आणि शाळा सोडता येते, त्याचे ह्या व्यवस्थेत फारसे अडणार नाही. ज्याला ह्यांपैकी काहीच करता येत नाही, त्याचे मूलही त्याच कायद्याने शाळेत पाठविलेले असते; आणि राज्याने एकदा मूल शाळेत पाठविण्यास भाग पाडले, की ती शाळा आतून कशी आहे हे स्वतः जाऊन पाहण्याचे उत्तरदायित्व त्याला इतर कोणावरही सोपविता येत नाही.